झोपायचं किती उंचीवर, घसरायचं किती उंचीवर?

फ्रान्समधल्या कुर्शवेल या स्की-गावाच्या वस्त्या बरीच वर्षं आकड्यांनी ओळखल्या जात: कुर्शवेल १३००, १५५०, १६५० आणि १८५०. आकडे समुद्रसपाटीपासूनच्या मीटरचे. एकाच डोंगरउतारावर एकाखाली एक वसलेल्या या वस्त्यांत जितका आकडा मोठा, तितकं हॉटेल महाग. यातली सर्वांत वरची, सर्वांत श्रीमंत वस्ती मात्र प्रत्यक्षात १८५० मीटरवर नाही; ती त्याहून साधारण शंभर मीटर खाली आहे. त्याच भागातल्या व्हाल दिझेर या गावाशी तिची चुरस होती आणि व्हाल दिझेर १८५० मीटरवर होतं, म्हणून तो आकडा नावात आला. पुढे २०११ मध्ये या वस्त्यांच्या नावांतले आकडे बाजूला ठेवून त्यांना रीतसर गावांची नावं देण्यात आली. तरीही लोकांच्या तोंडी १८५० टिकलंच.

हिवाळी सुट्टीसाठी स्कीचं गाव निवडताना पहिला प्रश्न उंचीचा विचारला जातो, आणि तो रास्त आहे. स्वित्झर्लंडमधल्या टिटलिस किंवा युंगफ्राउयोखला सकाळी वर जाऊन, बर्फात खेळून दुपारी खाली उतरणाऱ्या मराठी पर्यटकाला हा प्रश्न पडायचं कारण नव्हतं. पण आता पुण्या-मुंबईतून आठवडाभर स्की शिकायला जाणारी कुटुंबं आहेत. लंडन, म्युनिक, झुरिकमध्ये स्थायिक झालेली, मुलांच्या मित्रांमुळे दर हिवाळ्यात डोंगरात ओढली जाणारी मराठी घरं आहेत. गुलमर्गला कोर्स करून आलेली कॉलेजची मुलं आहेत. आठवड्याचे पैसे आगाऊ भरायचे आणि तिथे पोहोचल्यावर ओलं गवत बघायचं, ही या सगळ्यांची भीती खरी आहे. उंची हे त्या भीतीवरचं उत्तर आहे, पण अर्धंच. कोणती उंची, हे विचारल्याशिवाय उरलेलं अर्धं हाती लागत नाही. गावाची, शिखराची आणि दिवसाचा बराचसा वेळ ज्या पट्ट्यात जाणार त्या उतारांची, अशा तीन उंच्या वेगळ्या असतात. जाहिरातीत त्यातली जी सगळ्यांत मोठी, ती छापलेली असते.

उंची का लागते, ते आधी पाहू. शंभर मीटर वर गेलं की हवा सरासरी ०.६५ अंशांनी गार होते. हजार मीटरवर चार अंश तापमानात पाऊस पडत असेल, तेव्हा दोन हजार मीटरवर तोच ढग बर्फ टाकत असतो. आल्प्समध्ये पूर्वी खालच्या गावांचंही भागत होतं. ऑस्ट्रियातलं किट्सब्यूल जेमतेम ७६० मीटरवर आहे आणि स्कीच्या इतिहासात त्याच्याइतकी मोठी नावं थोडी. पण अशा गावांत आता जानेवारीतही बर्फाची एक पांढरी पट्टी आणि दोन्ही बाजूंना हिरवं कुरण, असं दृश्य दिसतं. ती पट्टी यंत्रांनी तयार केलेली असते. बर्फ उडवणाऱ्या यंत्रांनाही थंडी लागते. हवा दमट असेल तर पारा शून्याच्या दोन-तीन अंश खाली गेल्याशिवाय त्यांचं काम नीट होत नाही. म्हणजे ज्या गावाला यंत्रांची सर्वाधिक गरज, तिथेच ती चालवायला सर्वांत कमी रात्री मिळतात.

या विषयावरचा सर्वाधिक चर्चिला गेलेला हिशेब २००७ मध्ये ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेने प्रसिद्ध केला. वर्षाला किमान शंभर दिवस, किमान तीस सेंटीमीटर बर्फ असेल ते ठिकाण भरवशाचं, ही त्यातली कसोटी होती. आल्प्समधल्या ६६६ ठिकाणांपैकी ६०९ त्या वेळी तिला उतरत होती. तापमान एक अंशाने वाढलं तर ५००, दोन अंशांनी ४०४ आणि चार अंशांनी वाढलं तर २०२ ठिकाणं उरतील, असं त्यात मांडलं होतं. प्रत्येक अंशामागे भरवशाच्या बर्फाची रेषा साधारण दीडशे मीटर वर सरकते, हे त्यामागचं गणित. २०२३ मध्ये ‘नेचर क्लायमेट चेंज’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने युरोपातल्या २८ देशांमधली २,२३४ ठिकाणं तपासली. दोन अंशांच्या तापमानवाढीत, यंत्रांचा आधार धरला नाही तर, त्यातल्या ५३ टक्के ठिकाणी बर्फाची टंचाई अतिशय गंभीर होईल, असा त्याचा निष्कर्ष आहे. आल्प्समध्ये पुढच्या दहा-वीस हिवाळ्यांचा विचार करून कुणी विचारलं, तर गाव पंधराशे मीटरच्या वर आणि बहुतेक उतार दोन हजाराच्या आसपास किंवा वर असलेलं ठिकाण निवडा, असं मी निःसंकोच सांगेन.

पण केवळ उंचीने सगळं भागतं, असंही नाही. बोलिव्हियात ला पाझजवळ चकालताया नावाचं ठिकाण होतं. जगातलं सर्वांत उंच स्की-ठिकाण म्हणून त्याची ख्याती होती, उंची ५,४०० मीटरच्या आसपास. विषुववृत्ताच्या जवळ असल्यामुळे तिथली स्की एका छोट्या हिमनदीच्या जिवावर चाले. ती हिमनदी २००९ मध्ये संपली आणि तिच्याबरोबर स्कीही. उंचीचा आकडा अक्षांशाशी जोडूनच वाचावा लागतो. आल्प्स ४५ ते ४७ अंश उत्तरेला, अमेरिकेतलं कोलोराडो ३९ अंशांवर आणि गुलमर्ग ३४ अंशांवर. म्हणून आल्प्समध्ये २,३०० मीटरवर झाडाचं नाव नसतं आणि गुलमर्ग २,६५० मीटरवर असूनही दाट सूचिपर्णी रानात वसलेलं आहे. दोन्हीकडची ‘उंची’ एका तराजूत घालता येत नाही.

आता त्या तीन उंच्यांकडे येऊ. आपल्या कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटरवर आहे. स्वित्झर्लंडमधलं झरमॅट हे गाव त्याच्या किंचित खाली, सुमारे १,६२० मीटरवर. पण तिथून निघालेली केबल कार ३,८८३ मीटरवर जाते. युरोपातलं ते सर्वांत उंच केबल-कार स्थानक. म्हणजे झोपायची उंची बेताची, गावाच्या चहूबाजूंना रान, आणि वर हिमनदीवर बारा महिने बर्फ. याउलट फ्रान्समधलं व्हाल थोरांस. गावच २,३०० मीटरवर, युरोपातल्या सर्वांत उंच स्की-गावांपैकी. स्कीची वरची हद्द ३,२०० मीटरच्या आसपास. झरमॅटच्या शिखराचा आकडा मोठा असला, तरी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बूट घालून हॉटेलच्या दारातून थेट बर्फावर पाऊल टाकायची खात्री व्हाल थोरांसला जास्त. झरमॅटला त्या दिवसांत आधी एक-दोन लिफ्ट धरून वर जावं लागतं आणि संध्याकाळी पुष्कळदा लिफ्टनेच खाली यावं लागतं. यात वाईट काही नाही, पण चार वर्षांचं मूल आणि चार जोड स्की घेऊन रोज ते करायचं असेल, तर आधी माहीत असलेलं बरं.

तिसरी उंची, म्हणजे मधल्या पट्ट्याची, कुठेच ठळक छापलेली नसते. ती नकाशावर शोधावी लागते. स्की-गावाचा नकाशा उघडा आणि शिखराकडे न बघता लिफ्टच्या खालच्या टोकांचे आकडे वाचत जा. प्रत्येक लिफ्टला दोन आकडे असतात, जिथून निघते तो आणि जिथे पोहोचते तो. दहापैकी सात-आठ लिफ्ट २,००० च्या वर सुरू होत असतील, तर ते खरोखर उंच ठिकाण. शिखर ३,३०० चं, पण तिथे जाणारी एकच केबल कार आणि बाकीच्या लिफ्ट १,२०० ते १,८०० मध्ये, तर तो आकडा शोभेचा. मग उतारांचं तोंड कुठे आहे ते पाहा. उत्तरेकडे तोंड केलेला १,८०० मीटरचा उतार मार्चमध्ये जो बर्फ राखतो, तो दक्षिणेकडे तोंड केलेला २,३०० मीटरचा उतार राखू शकत नाही. दक्षिण-उतारावर मार्चच्या सकाळी काचेसारखा कडक बर्फ असतो, अकराच्या सुमाराला तो छान मऊ होतो आणि दुपारी दोनला त्याचा चिखल झालेला असतो. ज्यांना ऊन हवं आणि उशिरा उठायचं आहे, त्यांना हाच क्रम आवडेल. नवशिक्याला मात्र सकाळच्या त्या कडक बर्फावर पहिला धडा मिळाला, तर तो स्कीचं नाव पुन्हा काढणार नाही.

उंच ठिकाणांची खरी परीक्षा वाईट हवेच्या दिवशी होते. आठवड्याच्या सुट्टीत असे एक-दोन दिवस येतातच, म्हणून त्यांचा विचार आधी करायला हवा. आल्प्समध्ये झाडांची हद्द साधारण १,८०० ते २,२०० मीटरवर संपते. त्यावर सगळं उघडं. ढग खाली उतरला, हलकी बर्फवृष्टी सुरू झाली की आकाश आणि जमीन यांचा रंग एक होतो आणि सावली नाहीशी होते. पुढे उंचवटा आहे की खड्डा, कळत नाही. आपण उभे आहोत की सरकतो आहोत, हेसुद्धा काही क्षण उमगत नाही. अशा वेळी लोक कडेला रोवलेल्या खुणेच्या खांबांकडे नजर लावून एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत जातात. पुढच्या माणसाचं रंगीत जाकीट दिसेनासं झालं की थांबतात. काहींना अक्षरशः समुद्र लागल्यासारखी मळमळ होते. तेवढ्याच वाईट हवेत झाडीतल्या उतारावर मात्र प्रत्येक बुंधा नजरेला आधार देतो, वारा अडतो आणि दिवस वाया जात नाही. म्हणून दोन हजाराच्या वर गाव असलेल्या ठिकाणी खाली उतरून झाडीत स्की करता येते का, हे मी बर्फाच्या हमीइतकंच महत्त्वाचं मानतो. व्हाल थोरांस एकटं असतं तर या कसोटीत कमी पडलं असतं. पण ते ‘त्र्वा व्हाले’ या सुमारे ६०० किलोमीटर उतारांच्या जाळ्याचं वरचं टोक आहे आणि मेरिबेल-कुर्शवेलच्या झाडीत जाता येतं. फक्त मधल्या खिंडीतल्या लिफ्ट वाऱ्याने बंद नसल्या पाहिजेत. नेमक्या त्याच दिवशी त्या बंद असण्याची शक्यता जास्त, ही अडचण उरतेच.

वारा हा उंचीचा सर्वांत मोठा खर्च. याचं ठळक उदाहरण जगाने पाहिलं. झरमॅट आणि इटलीतलं चेर्विनिया यांच्या सीमेवर, सुमारे ३,७०० मीटरवरून सुरू होणारी विश्वचषकाची डाउनहिल शर्यत २०२२ मध्ये ठरवली गेली. दोन देशांतून जाणारी अशी ही पहिलीच शर्यत. त्या वर्षी इटलीच्या बाजूला, खालच्या टप्प्यात पुरेसा बर्फ नव्हता, म्हणून ती रद्द झाली. पुढच्या वर्षी ती नोव्हेंबरमध्ये ढकलली. तेव्हा बर्फ भरपूर होता, इतका की तिथल्या त्या वर्षीच्या सगळ्या शर्यती बर्फवृष्टी आणि सोसाट्याच्या वाऱ्याने बुडाल्या. त्यानंतर तिचं नाव वेळापत्रकातून गेलं. जगातली उत्तम यंत्रणा हाताशी असताना हे घडतं, तर आपल्या सुट्टीतल्या सहा दिवसांपैकी वरची केबल कार किती दिवस चालेल, याचा अंदाज सावधपणेच बांधावा. या बाबतीत जमिनीखालून जाणारी गाडी असलेली ठिकाणं उजवी ठरतात. फ्रान्समधल्या तिन्यमध्ये १९९३ पासून डोंगराच्या पोटातून जाणारी फ्युनिक्युलर प्रवाशांना ३,००० मीटरच्या वर पोहोचवते. स्वित्झर्लंडमधल्या सास-फेला वरच्या टप्प्यात तशीच भूमिगत गाडी आहे. झरमॅटची गोर्नरग्राटला जाणारी दातेरी रुळांची रेल्वे तर १८९८ पासून चालते आणि ३,०८९ मीटरवर नेते. वाऱ्याच्या दिवशी जी गाडी चालते ती कामाची, मग तिची उंची पाचशे मीटर कमी का असेना.

बर्फ फार झाला तरी पंचाईत होते. जानेवारी २०१८ मध्ये झरमॅटचा रस्ता आणि रेल्वे दोन्ही बंद पडले आणि सुमारे १३,००० पर्यटक गावात अडकले. परतीचं विमान सुट्टीच्या शेवटच्या दिवशी पहाटेचं असेल, तर आदल्या रात्री खाली खोऱ्यात मुक्काम करावा. भारतातून जाणाऱ्याने तर नक्कीच.

आता शरीराचं. समुद्रकाठच्या मुंबईतून जिनिव्हा आणि तिथून बसने व्हाल थोरांस, म्हणजे चोवीस तासांच्या आत शून्यावरून २,३०० मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन-चतुर्थांश असतो. बहुतेकांना पहिल्या दोन रात्री झोप तुटक लागते, डोकं जड राहतं, जिना चढताना धाप लागते आणि मग ते जातं. २,५०० मीटरच्या वर झोपायचं असेल तर त्रासाची शक्यता खरोखर वाढते. अमेरिकेतलं ब्रेकनरिज गावच २,९०० मीटरच्या वर आहे आणि तिथली सर्वांत वरची चेअरलिफ्ट ३,९१४ मीटरवर जाते. तिथे जाणारे अनुभवी लोक आधी एक-दोन रात्री सोळाशे मीटरवरच्या डेन्व्हरला काढतात, ते उगीच नाही. लहान मुलं काय होतंय ते सांगू शकत नाहीत. जेवायला नकार, चिडचिड, उलटी ही लक्षणं प्रवासाच्या थकव्यावर ढकलू नयेत. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा विकार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांशी बोलूनच उंची ठरवावी. महाराष्ट्रापुरतं आणखी एक आवर्जून सांगायला हवं. विदर्भात आणि आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आढळतो. एरवी ठणठणीत असलेल्या वाहकालाही उंचीवर, विरळ हवेत, श्रमाने प्लीहेचा गंभीर त्रास होऊ शकतो. घरात सिकलसेलचा इतिहास असेल तर रक्ततपासणी आधी, तिकीट नंतर. उन्हाचंही लक्षात ठेवावं: दर हजार मीटरमागे अतिनील किरणं दहा टक्क्यांच्या आसपास वाढतात आणि ताजा बर्फ त्यातली ऐंशी टक्क्यांपर्यंत परत उडवतो. सावळ्या कातडीला काही होत नाही, हा समज डोंगरावर टिकत नाही, आणि डोळ्यांना तर तो मुळीच लागू नाही.

उंच गावांत राहण्याची सोय कशी, हा विषय जाहिरातीत गुळगुळीत होतो. फ्रान्समधली पुष्कळशी उंच स्की-गावं १९६० आणि ७०च्या दशकांत सरकारी योजनेतून, जिथे वस्तीच नव्हती अशा जागी बांधली गेली. उद्देश एकच, दारातून स्की घालून निघावं आणि दारात परत यावं. तिथल्या इमारती काँक्रीटच्या, खोल्या लहान, गाव म्हणावं असं बाकी थोडं. तिन्यची गोष्ट याहून कडू. जुनं तिन्य १९५२ मध्ये धरणाच्या पाण्याखाली गेलं, रहिवाशांना बळाने हलवावं लागलं, आणि आजचं स्की-गाव त्याच्या बऱ्याच वर नव्याने उभं राहिलं. कोयना-उजनीच्या काठच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. स्वित्झर्लंड-ऑस्ट्रियात मात्र जुनं गाव आणि उंची एकत्र मिळू शकते. ओबरगुर्गल १,९३० मीटरवर आहे, ऑस्ट्रियातलं चर्च असलेलं सर्वांत उंच गाव. १९३१ मध्ये शास्त्रज्ञ ओग्युस्त पिकार फुग्यातून पंधरा हजार मीटरच्या वर जाऊन आले, ते इथल्याच हिमनदीवर उतरले आणि गावाचं नाव जगभर झालं. आजही ते आटोपशीर आहे, गर्दी बेताची, शिकण्याचे उतार उंचावर आणि सौम्य.

कुटुंबात स्की न करणारं कुणी असेल, आणि मराठी कुटुंबात आई-वडील बरोबर असतातच, तर ही बाब निर्णायक ठरावी. व्हाल थोरांसमध्ये स्की न करणाऱ्याला तिसऱ्या दिवशी काय करायचं हा प्रश्न पडतो. झरमॅटमध्ये पडत नाही: खासगी मोटारींना बंदी असलेले रस्ते, गोर्नरग्राटची रेल्वे, समोर मॅटरहॉर्न. फ्रेंच गावांची जमेची बाजू म्हणजे स्वयंपाकघर असलेली घरं भाड्याने मिळतात आणि शाकाहारी मंडळींची सोय होते. पण २,३०० मीटरवर पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ तास झाला तरी शिजत नाही. सामानात छोटा कुकर न्यावा.

सुट्टी कधी आहे यावरही गाव ठरतं, आणि आपली सुट्टी आल्प्सच्या हंगामाशी फारशी जुळत नाही. दिवाळीत फक्त हिमनद्यांवरची ठिकाणं सुरू असतात: हिंटरटुक्स, झरमॅट, झोल्डन. झोल्डनला ऑक्टोबरअखेरीस विश्वचषकाच्या मोसमाची सुरुवात होते, तेव्हा गर्दी शर्यतवाल्यांची असते. नवशिक्यांनी दिवाळीत जाऊ नये; उतार थोडे, कडक आणि संघांनी अडवलेले असतात. नाताळात उंच गाव हवंच, कारण तेव्हा खालचा बर्फ अजून बसलेला नसतो. फेब्रुवारीत फ्रान्सच्या शाळांना विभागवार सुट्ट्या लागतात, चार आठवडे गर्दी हटत नाही आणि भाडी चढतात. या महिन्यात उंचीसाठी जादा पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही, तेव्हा मध्यम उंचीच्या, झाडीतल्या ठिकाणीही बर्फ असतो. मार्चचा दुसरा पंधरवडा हा माझ्या मते उंच गावांचा सर्वोत्तम काळ. दिवस मोठा, थंडी सुसह्य, वाऱ्याचे दिवस कमी, बर्फाचा थर भरीव. परीक्षा आड येतात, हे खरं. मे महिन्याच्या सुट्टीत मात्र पहिल्या आठवड्यानंतर हिमनद्यांखेरीज काही उरत नाही, आणि त्या हिमनद्याही आटत आहेत. स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत मिळून आपलं दहा टक्के घनफळ गमावलं. उन्हाळी स्कीच्या भरवशावर कुटुंबाचा बेत आखण्याचे दिवस संपत आले आहेत, हे लिहिताना वाईट वाटतं, पण ते तसं आहे.

आपल्याकडचं गुलमर्ग. २,६५० मीटरवरचं कुरण, तिथून गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीला, सुमारे ३,०५० मीटरवर, आणि दुसरा अफरवट शिखराच्या खांद्यावर, ३,९५० मीटरच्याही वर. पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला, दुसरा २००५ मध्ये. त्यामुळे गुलमर्ग जगातल्या अतिउंच स्की-ठिकाणांत गणलं जाऊ लागलं आणि परदेशी स्कीवाले इथल्या कोरड्या, हलक्या बर्फासाठी येऊ लागले. पण दुसऱ्या टप्प्यावर जे आहे, ते आल्प्ससारखं आखलेलं, रोज रात्री यंत्राने सपाट केलेलं मैदान नाही. तो मोकळा पहाड आहे. गोंडोलाच्या लगतच्या भागावर हिमस्खलनाच्या दृष्टीने देखरेख असते, त्यापलीकडे ती नसते. १ फेब्रुवारी २०२३ रोजी तिथे हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू दगावले. २०२४ चा हिवाळा तर दोन्ही टोकं दाखवून गेला. जवळजवळ जानेवारीभर, म्हणजे चिल्लई कलान या काश्मिरातल्या कडाक्याच्या थंडीच्या ऐन चाळीस दिवसांत, गुलमर्ग तपकिरी होतं. पश्चिमेकडून ओलावा आणणारे जोरदार पश्चिमी विक्षोभ आलेच नाहीत आणि खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या. मग फेब्रुवारीत एकदम बर्फ कोसळला, स्पर्धा सुरू झाल्या आणि त्याच दिवसांत, २२ तारखेला, हिमस्खलनात एका रशियन स्कीपटूचा जीव गेला. कोरड्या जमिनीवर, नाहीतर जुन्या भुसभुशीत थरावर, अचानक आलेला जड बर्फ नीट चिकटत नाही, ही त्यामागची साधी यंत्रणा. २०२५ मध्येही त्या स्पर्धा बर्फाअभावी मार्चपर्यंत ढकलल्या गेल्या. ३,९५० मीटरची उंची होती, थंडी होती. ओलावा आला नाही. हिमालयात उंचीपेक्षा पश्चिमेकडून येणारा ओलावा जास्त महत्त्वाचा आहे, हे या दोन वर्षांनी स्पष्ट केलं.

तरीही पहिल्यांदा शिकणाऱ्या मराठी माणसाला मी गुलमर्ग सुचवतो. तिथल्या कुरणातले सौम्य उतार शिकण्यासाठी उत्तम आहेत, झाडी आहे, सरकारी प्रशिक्षण संस्था आहे आणि काश्मिरी प्रशिक्षकांचा संयम मोठा. जाताना पहिली रात्र १,५८५ मीटरवरच्या श्रीनगरला काढावी. पहिले तीन दिवस कुरणात आणि कोंगडोरीच्या खालीच राहावं. अफरवटला जायचंच असेल तर गोंडोलाने जाऊन गोंडोलानेच परत यावं. फेब्रुवारीचा मध्य ते मार्चचा पहिला आठवडा धरावा. पहलगामच्या २०२५ मधल्या हल्ल्यानंतर खोऱ्यातली अनेक पर्यटनस्थळं काही काळ बंद होती, म्हणून निघण्यापूर्वीची ताजी स्थिती विचारणं ओघाने आलंच. उत्तराखंडमधल्या औलीचे उतार साधारण २,५०० ते ३,०५० मीटरमध्ये, देखणे आणि शिकण्याजोगे. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी तिथे यंत्रांची सोय झाली, पण बर्फाचा भरवसा गुलमर्गहून कमी राहिला. जानेवारी २०२३ मध्ये पायथ्याचं जोशीमठ खचू लागल्यावर तिथून येणारा रोपवेही थांबला. औलीला दिवस हाताशी ठेवून, तारखा शेवटच्या आठवड्यात ठरवून जाता येत असेल तरच जावं.

परदेशातला पहिला आठवडा असेल तर माझी पसंती ओबरगुर्गल किंवा चेर्विनिया. चेर्विनिया २,०५० मीटरवर आहे, उतार लांब, रुंद, सौम्य, आणि झरमॅटच्या मानाने खर्च कमी. वारा सुटला तर तिथे झाडीचा आधार नाही, ही उणीव पत्करावी लागेल. व्हाल थोरांस आणि तिन्य नाताळासाठी, नीट स्की येणाऱ्यांसाठी. ६०० किलोमीटरचा पास नवशिक्याने घेऊच नये, त्याला पहिल्या आठवड्यात पाच-सहा उतार पुरतात आणि फक्त गावापुरता पास पुष्कळ स्वस्त असतो. विमा घेताना स्कीचा उल्लेख पॉलिसीत स्वच्छ शब्दांत आहे का, उंचीची मर्यादा घातली आहे का आणि हेलिकॉप्टरचा खर्च धरला आहे का, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत. आपल्याकडच्या अनेक प्रवास-विम्यांत साहसी खेळ वगळलेले असतात. आणि आखलेल्या उताराबाहेर पाऊल टाकण्याआधी हिमस्खलनाचा इशारा वाचावा. युरोपात तो एक ते पाच अशा पायऱ्यांत देतात. स्वित्झर्लंडमध्ये हिवाळ्यात तो संध्याकाळी पाचला येतो आणि सकाळी आठला पुन्हा तपासला जातो. चौथ्या-पाचव्या पायरीला लोक घाबरून घरात बसतात. सर्वाधिक माणसं तिसऱ्या पायरीला मरतात.